जळगावच्या तुलनेत धुळे

धुळ्याच्या देवपुरातल्या माझ्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरच्या शाळेचं मैदान दिसायचं. शाळा सुटली, पोरांचा गलका पांगला, शिपायाने फाटकाला साखळी घातली की मैदान ओस पडायचं आणि मग माझी संध्याकाळ सुरू व्हायची. त्या संध्याकाळींबद्दल मी आजवर कोणाशी फारसं बोललेले नाही. मुलं कधी विचारतात, "आई, तू नोकरीला लागलीस तेव्हा काय काय झालं?" मग मी मिक्सरच्या गमती सांगते. झाकण उडून कोणाच्या पांढऱ्या भिंतीवर चटणीचा शिडकावा कसा झाला, ऐन वेळी वीज कशी गेली. ती हसतात आणि विषय तिथेच संपतो.

नोकरी मिक्सर विकणाऱ्या कंपनीतली होती. घरोघरी जाऊन बायकांसमोर मिक्सर चालवून दाखवायचा आणि पसंत पडला तर गावातल्या दुकानदाराकडे पाठवायचं, एवढंच काम. जळगावला आधीच एक बाई होत्या, म्हणून मला धुळं मिळालं. आमच्या गावाहून, असोद्याहून, जळगाव म्हणजे आम्हाला घरच्यासारखं; धुळं मात्र मी त्याआधी एका लग्नाला गेले तेवढंच पाहिलेलं. निघताना आईने डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला, मोटारीपर्यंत सोबत आली आणि गर्दीत हळूच म्हणाली, "तुले करमीन का वं तठी एकलीले?" मी म्हटलं, "करमीन." तिने डब्याचं फडकं पुन्हा आवळून बांधलं. आबांनी मात्र गावभर सांगितलं होतं की पोरगी कंपनीत साहेब झाली.

धुळ्यात गेल्यावर पहिली अडचण भाषेची आली. आमच्या असोद्याकडची बोली वेगळी आणि तिथली अहिराणी वेगळी. समजायचं सगळं, पण मी तोंड उघडलं की बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. हसण्यात वाईट काही नसायचं. ओट्यावर मिक्सर ठेवून मी मिरच्या, लसूण, भाजलेले शेंगदाणे टाकायची, बटण फिरवायची, आणि त्या घरघराटात घरातली पोरं पळून जायची. मग बोटाने ठेचा चाटून घरातली मोठी बाई निकाल द्यायची, "चव बरी शे, पन पाटानी सर नही." आणि लगेच दुसरा प्रश्न, "एकलीच ऱ्हास का तू? माय-बाप कोठे शेतस?" सगळ्या घरांत हे दोन प्रश्न ठरलेले. मिक्सरबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त विचारपूस व्हायची. उत्तर देता देता मी यंत्र पुसून पिशवीत भरायची आणि पुढच्या घरी जायची.

पांझरेच्या पुलावरून परत येताना वारा असायचा. नदीला पाणी बहुतेक नसायचंच. खोलीवर येऊन मी स्टोव्ह पेटवायची, एकटीपुरता भात लावायची. भिंतीपलीकडे घरमालकांचं मोठं कुटुंब जेवायला बसायचं. ताटं मांडल्याचा आवाज, वाटीवर पळी आपटल्याचा आवाज, कोणीतरी मागून वाढायला सांगतंय, कोणीतरी नको म्हणतंय. माझ्या खोलीत फक्त स्टोव्हचा आवाज, आणि तो विझवला की तोही नाही. घरमालकीण अक्का मनाच्या मोठ्या. रविवारी वरण-बट्टी केली की म्हणायच्या, "ये ना वं, आमनासंगे जेव." मी काहीतरी कारण सांगायची. त्या भरल्या पंगतीत बसलं की मला जास्तच परकं वाटायचं. हे त्यांना कसं सांगणार? मग त्या ताट झाकून माझ्या उंबऱ्यात ठेवून जायच्या. तुपात भिजलेली ती बट्टी मी खिडकीशी बसून, मैदानाकडे बघत खायची.

महिन्याच्या सुरुवातीला जळगावला मीटिंग असायची. बाजारातल्या आमच्या मोठ्या दुकानदाराकडे वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडायचे. भिंतीवर मोठा कागद, त्यावर विक्रीच्या रंगीत रेघा. कंपनीचे मेनन साहेब मुंबईहून रात्रीच्या गाडीने यायचे. शांत माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण सगळं बोलणं इंग्रजीत, आणि प्रत्येकाने उठून त्या कागदाजवळ उभं राहून आपल्या भागात काय झालं ते इंग्रजीतच सांगायचं. बी.ए.ला मी इंग्रजी पास झाले होते. निबंध पाठ होते. पण विक्री कमी झाली हे कसं सांगायचं, ते कुठल्याही निबंधात नव्हतं. पहिल्या मीटिंगला माझी पाळी आली तेव्हा मी कागदाजवळ गेले आणि म्हणाले, "सर, धुळे इज लेस."

साहेबांनी विचारलं, "लेस दॅन व्हॉट?"

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं, "लेस दॅन ऑल, सर."

नाशिककडचे, मालेगावचे, सगळे पुरुष हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, कमी म्हणालीस तर कशापेक्षा कमी आणि किती कमी, हेही सांगावं लागतं. नाहीतर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. त्यांचं हे इंग्रजीतलं बोलणं मला समजलं, हीच त्या दिवशीची कमाई. खुर्चीवर येऊन बसले तेव्हा माझे कान तापले होते.

जिना उतरताना मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. त्या जळगावच्या विजयाताई. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात काही नाही. मीटिंगमध्ये त्या बोलल्या तेव्हा साहेबांनी मान डोलावली होती. सगळ्यांत जास्त मिक्सर त्यांचेच गेले होते. त्या म्हणाल्या, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. "चल मग. रिकाम्या पोटी रडायला येतं."

एस.टी. स्टँडच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी शेवभाजी मागवली आणि माझं शिक्षण सुरू केलं. पुढे प्रत्येक मीटिंगनंतर, धुळ्याची गाडी लागेपर्यंत, हाच आमचा वर्ग. समोरच्या दोन पेल्यांत त्या पाणी ओतायच्या. एकात थोडंसं जास्त. "हे बघ. हा त्याच्यापेक्षा 'स्लाइटली हायर'. जराशी वाढ. आता?" आणखी ओतायच्या. "आता 'कन्सिडरेबली'. बऱ्यापैकी. आणि हा काठोकाठ भरला, तो रिकामा, तर 'बाय फार द हायेस्ट'." कॅन्टीनचा पोऱ्या पाणी वाया घालवता म्हणून कुरकुरायचा. वाढलं याला एकच शब्द दोनदा वापरायचा नाही, हे त्यांनी शिकवलं. एकदा 'इन्क्रीज्ड' म्हटलं की पुढच्या वेळी 'रोज' म्हणायचं, त्याच्या पुढे 'इम्प्रूव्ड'. "आणि कमी झालं तर 'फेल' म्हणू नकोस. 'फॉल'चा भूतकाळ म्हणून इंग्रजीत बरोबर आहे, पण आपल्या लोकांना नापास ऐकू येतं. 'डिप्ड' म्हण. डिप् म्हणजे बुडी. बुडी मारलेला वर येतो, असं साहेबाला वाटत राहतं." आणि हसायच्या. हसल्या की त्यांचा चेहरा एकदम पोरीसारखा दिसायचा.

हे सगळं पक्कं करायला मला महिना असायचा आणि बोलायला कोणी नसायचं. म्हणून मी खोलीत एकटीच मोठ्याने बोलायची. विक्रीचे आकडे संपले की घरातल्या वस्तू घ्यायची. आजची भाकरी इज थिकर दॅन यस्टरडेज. देवपूरचा वारा इज मच स्ट्राँगर दॅन असोदा. सोमवार इज शॉर्टर दॅन संडे. संडे इज बाय फार द लाँगेस्ट डे. हे शेवटचं वाक्य एकदा म्हणाले आणि तशीच बसून राहिले. व्याकरण बिनचूक होतं, ऐकायला कोणी नव्हतं. दारातून अक्कांचा आवाज आला, "कोनासंगे बोली राहिनी वं?" मी म्हटलं, "कोणाशी नाही अक्का, अभ्यास करतेय." "परीक्षा शे का?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मी बोलत असले की अक्का पोरांना माझ्या खिडकीखाली खेळू देईनात. माझ्या अभ्यासाचा खोळंबा नको म्हणून. पोरांचा तेवढा आवाज होता, तोही गेला. आता हे आठवून हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

हळूहळू धुळ्यात माझा जम बसला. देवपुरातल्या मास्तरांच्या घरी एकीने घेतला की शेजारच्या दोघी बघायला यायच्या. लग्नसराईत मी एक गोष्ट हेरली. आहेरात त्याच त्याच स्टीलच्या टाक्या देऊन लोक कंटाळले होते. मुलीच्या मामाला गाठून मी सांगायची, मिक्सर द्या, पोरगी नाव काढेल. मामा लोक खूश व्हायचे. मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगायला लागले, "धुळे रोज स्लाइटली, ॲज कम्पेअर्ड टू लास्ट मंथ." मग स्लाइटलीचं कन्सिडरेबली झालं. मालेगावचे गृहस्थ आता हसत नव्हते, लिहून घेत होते. भिंतीवरच्या कागदावर धुळ्याची हिरवी रेघ चढत होती. त्याच कागदावर जळगावची लाल रेघ उतरत होती, हे मला जरा उशिराच दिसलं.

विजयाताईंनी कारण मला कॅन्टीनमध्येच सांगितलं. त्यांचा मुलगा चोपड्याला, त्यांच्या सासरी होता. नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढलं तेव्हा मुलाला ठेवून घेतलं होतं. नवरा पुढे वारला, मुलगा आजीपाशी राहिला. बाजाराच्या दिवशी आजी घराबाहेर पडते, तेवढ्यात शाळेच्या फाटकाशी त्या त्याला भेटून यायच्या. आधी महिन्याकाठी. मग पोराला कावीळ झाली. त्यानंतर त्यांचा जीव इथे राहीना, चार-आठ दिवसांनी चोपडा व्हायला लागला. कामाचे दिवस त्यात जात होते.

"साहेबांना सांगा ना," मी म्हटलं. "ते समजून घेतील."

"घेतील," त्या म्हणाल्या. "आणि मनात म्हणतील, बायकांना ठेवलं की हे असं. उद्या माझ्या जागी दुसरी बाई घ्यायची वेळ आली तर घेणार नाहीत. तूही बोलायचं नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धुळ्याच्या दुकानदाराकडे माझ्यासाठी साहेबांचा फोन आला. पुढच्या मीटिंगला फक्त दोन भागांवर बोलायचं होतं. जळगाव व्हर्सेस धुळे, गेल्या तीन महिन्यांचं. आणि ते मी सांगायचं होतं. कंपनी दोन्ही भाग एकाच बाईकडे द्यायचा विचार करत आहे, हेही त्यांनी सरळ सांगितलं. फोन ठेवला तेव्हा दुकानदार भाऊ म्हणाले, "मॅडम, प्रमोशन दिसतंय, पेढे?" मी पेढे आणते म्हणून बाहेर पडले आणि पुलावर जाऊन उभी राहिले.

मीटिंगच्या दिवशी सकाळी विजयाताई स्टँडवर माझी वाट बघत होत्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. कॅन्टीनमध्ये बसल्यावर त्या म्हणाल्या, "कसं सांगणार आहेस, म्हणून दाखव."

मी समोरचा पेला फिरवत राहिले.

"म्हण. जळगाव हॅज फॉलन फार बिहाइंड धुळे."

"मी नाही म्हणणार."

"सुनंदा, खरं आहे ते. आणि तू चाचरलीस तर पुन्हा हसतील सगळे. फॉलन म्हण, फेल नाही. हॅज आलं की फॉलन. म्हण."

त्यांनी ते वाक्य माझ्याकडून म्हणवून घेतलं. एकदा नाही, पक्कं होईपर्यंत. माझा उच्चार चुकला की मास्तरणीसारखं टेबलावर बोट आपटायच्या. चहा तसाच गार झाला.

वर गेल्यावर माझं नाव पुकारलं. मी कागदाजवळ उभी राहिले. विजयाताई दुसऱ्या रांगेत होत्या, ताठ, हात मांडीवर. मी सुरुवात केली. धुळ्याची विक्री सतत वाढत गेली, लग्नसराईत सर्वांत वर गेली. शब्द आपोआप येत होते. मग जळगावची लाल रेघ आली. मी म्हणाले, "जळगाव वॉज लोअर दॅन धुळे इन धिस पीरियड." आणि साहेबांनी काही विचारायच्या आत पुढे म्हणाले, "बट सर, ओव्हर द होल इयर, जळगाव इज स्टिल अहेड ऑफ एव्हरी अदर एरिया."

ते खरं होतं. घरी बसून मी सगळ्या महिन्यांची बेरीज करून आले होते. साहेबांनी समोरचे कागद चाळले, मान हलवली. "दॅट इज करेक्ट," ते म्हणाले. मग त्याच शांत आवाजात, "पण मी वर्षाचं विचारलं नाही. या तीन महिन्यांत जळगाव किती मागे आहे?"

वाक्य जिभेवर तयार होतं. मी ते बोलले नाही. साहेब वाट बघत राहिले. मागे कोणाची तरी खुर्ची करकरली आणि कोणीतरी खाकरलं. हसू फुटणार असं वाटत असतानाच विजयाताई उठल्या.

"सर, जळगाव हॅज फॉलन फार बिहाइंड धुळे," त्या म्हणाल्या. स्वच्छ, सावकाश. "अँड इट विल नॉट कॅच अप. नॉट विथ मी."

साहेब उभे राहिले. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "विजया, घर में कुछ तकलीफ है क्या?" "नो सर," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या. चहाच्या वेळी त्यांनी कंपनीची पिशवी, त्यातला मिक्सर, भांडी पुसायचं फडकंसुद्धा घडी घालून, साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

स्टँडवर मी रडत होते आणि त्या माझ्यावर चिडल्या होत्या. "तोंड का मिटलंस? केवढी मेहनत घेतली होती मी." मग निवळल्या. "पण ते 'अहेड ऑफ एव्हरी अदर एरिया' छान होतं. ते मी शिकवलं नव्हतं." मी विचारलं, आता कुठे जाणार. सासू म्हणत होती, पोरासाठी राहायचं तर राहा, पण ते हिंडणं-फिरणं, ती कंपनी, ती माणसं सगळं सोडून ये. "जाते," त्या म्हणाल्या. चोपड्याची गाडी आधी लागली. खिडकीत जागा मिळाल्यावर त्यांनी हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला.

जळगाव मला मिळालं. पुढच्या मीटिंगला साहेबांनी "बाय फार द बेस्ट परफॉर्मन्स" म्हणून माझं नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून सगळ्यांचे आभार मानले, जिना उतरले, कॅन्टीनमध्ये गेले आणि एक शेवभाजी मागवली. पोऱ्याने सवयीने दोन पेले पाणी ठेवलं. मी दोन्ही तसेच राहू दिले. त्या दिवसांत मी खूप बोलत असायची, दोन गावांत, तीन भाषांत, आणि खोलीवर आले की वाटायचं, दिवसभरात आपण कोणाशी बोललोच नाही.

उन्हाळ्यात कंपनीने चोपड्याच्या दुकानदारांकडे पाठवलं. काम आटोपल्यावर मी शाळा विचारत गेले आणि शाळेपासून घर. ऊन मी म्हणत होतं. फाटकातून दिसलं, अंगणात साड्या पसरून त्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. बाजेवर म्हातारी बसली होती. विजयाताई डोक्यावर पदर घेऊन कुरडया उलटत होत्या. त्यांनी मला पाहिलं. हात थांबले, आणि पुन्हा चालू झाले.

"कोन शे वं ती?" म्हातारीने विचारलं.

विजयाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मिक्सर विकणाऱ्या बाई दिसताहेत."

मला समजलं. मी फाटक उघडून आत गेले, म्हातारीला नमस्कार केला आणि म्हणाले, "आजी, घ्यायचाच असं नाही. बघून तर घ्या."

"दखाड," म्हणत म्हातारीने दाखवायची खूण केली. तिला दुपार घालवायचीच होती.

मी ओसरीवर यंत्र मांडलं. इतकं मन लावून मी कधी ते चालवलं नाही. शेंगदाणे आणि गूळ घातला. आवाजाने आतून एक मुलगा धावत आला, किडकिडीत, ताईंसारखा उंच होणारा. कानांवर हात ठेवून तो खदखदा हसत होता. ताईंनी त्याला ओढून जवळ घेतलं. मी झाकण काढलं, कुटाचा लाडू वळून त्याच्या हातावर ठेवला. मग ताई बोलल्या, गिऱ्हाईक बोलतं तशा.

"भांडं घासायला जड जातं का?"

"नाही ताई. सवय होते."

"तुम्ही एकट्याच फिरता का इतक्या लांब?"

"हो."

"जेवलात का?"

"जेवून निघाले होते," मी म्हणाले. जेवले नव्हते.

म्हातारीने कूट तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि हात झटकले. "नको माय. आमना पाटा बरा शे." मी यंत्र पुसलं, पिशवीत भरलं. ताईंनी आतून पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी पीत होते तोवर त्या समोर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, म्हातारीकडे पाठ करून. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा हसरा होता. मी तांब्या परत दिला.

फाटकाची कडी लावत असताना मागून मुलाचा आवाज आला, "माय, त्या बाई परत येतील का?"

"नाही रे," विजयाताई म्हणाल्या. "त्यांना खूप गावं असतात."

त्यानंतर कामानिमित्त मी चोपड्याला पुष्कळदा गेले. त्या गल्लीत मात्र कधी वळले नाही.